ओलं कोंडायचं नाही

साहेबांना कुणी गमतीत विचारलं, "साहेब, तुम्ही गुन्ह्याच्या लॅबमधले, ओळखा बघू मी कुठून आलो?" तर साहेब त्याला वरपासून खालपर्यंत नीट बघायचे आणि सांगायचे, "दारातून."

लोक हसायचे. साहेब हसायचे नाहीत. त्यांनी त्याला दारातून येताना पाहिलं होतं. त्याआधीचं पाहिलं नव्हतं. विषय संपला.

नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर मी त्या सरकारी लॅबमध्ये काचेची भांडी धुवायला लागले. चौथी पास होते. विक्रोळीला आमच्या चाळीतल्या एकीने सांगितलं की तिथे बाई हवी आहे. मला वाटलं रक्त-लघवी तपासायची लॅब असेल. पहिल्या दिवशी टेबलावर एक कोयता बघितला, मुठीला चिठ्ठी बांधलेली. तेव्हा समजलं, इथे पेशंट येत नाहीत.

आता माझी नात घाटकोपरच्या कॉलेजात हाच विषय शिकते. टीव्हीवरच्या मालिकेत दोन मिनिटांत रिपोर्ट येतो तो बघून तिने हा विषय घेतला. मला विचारते, "आजी, तुझे ते साहेब कसे होते गं?" तिला तोंडी सांगायला बसले की ती मोबाइल बघते. म्हणून लिहून ठेवते.

साहेब उंच, किडकिडीत. मे महिन्यातही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत लावलेल्या. लॅबमध्ये शिरण्याआधी ते दाराबाहेर थांबायचे आणि दोन्ही हातांनी स्वतःचं अंग झटकायचे. डोकं, खांदे, बाह्या, पँट. नवीन माणसाला वाटायचं, यांची किल्ली हरवली आहे. घरचे केस, घरची धूळ आत जाऊ नये म्हणून ते करायचे. "घरचं दाराबाहेर राहू दे" म्हणायचे. आणि ते सगळं झाडायला मी होतेच. मी एकदा बोलले, "साहेब, घरीच झटकून निघा की." ते म्हणाले, "मग बसमधलं कोण झटकणार?"

मुलुंडला ते विधवा बहिणीबरोबर राहायचे. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही ते मला माहीत नाही, आणि ऑफिसात जे बोलत होते त्यांनाही माहीत नव्हतं. बहीण डबा फडक्यात बांधून द्यायची, त्याची गाठ ठरलेली. एक दिवस कुणीतरी त्यातलं लोणचं काढून खाल्लं आणि डबा परत बांधून ठेवला. साहेबांनी गाठ बघितली. चौकशी नाही, आरडाओरडा नाही. डबा होता तसा मधल्या टेबलावर ठेवला आणि त्यावर कागद लावला, "सील तुटलेलं आहे. पार्सल स्वीकारता येत नाही." आणि दिवसभर उपाशी राहिले. संध्याकाळी लोणचं खाणारा स्वतःहून कबूल झाला. म्हणाला, "साहेब, मारा हवं तर, पण असं उपाशी बसू नका, यार." साहेब म्हणाले, "मारायचं कोर्टानं. आपण फक्त बघायचं."

सगळ्या ऑफिसात मला "ए बाई" किंवा "मावशी" म्हणायचे. साहेब "बाई" आणि "तुम्ही" म्हणायचे. त्यात लाड काही नव्हता, ते उंदरालाही अहो-जाहो करतील असे होते. पण एक प्रश्न ते मोठ्या साहेबांना विचारायचे तसाच मलाही विचारायचे, "पाहिलंत की वाटलं?"

मी सांगितलं, "साहेब, पाणी गेलं."

"पाहिलंत की वाटलं?"

"नळ सोडला. आलं नाही."

"मग नळाला पाणी येत नाही म्हणा. गेलं कुठे, ते आपल्याला ठाऊक नाही."

मी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, माणूस अर्धवट आहे. नवऱ्याला ते इतकं आवडलं की त्याने ते धरूनच ठेवलं. मी म्हणायची, "भात शिजला." तो आतून ओरडायचा, "पाह्यलंस की वाटलं गं?" पुढे दोन वर्षांनी तो गेला. तेव्हा डॉक्टर म्हणाला, "त्रास झाला नाही त्यांना." मी त्याला म्हटलं, "पाहिलंत की वाटलं?" मला त्या वेळी दुसरं काही सुचलंच नाही.

साहेबांच्या खोलीत भिंतीवर फोटो होते, जुन्या मासिकांतून कापलेले. एक फ्रान्सचा म्हातारा होता. त्याचं म्हणणं, माणूस जिथे जातो तिथे आपलं थोडं टाकतो आणि तिथलं थोडं घेऊन येतो. एक इंग्रज होता, विष शोधणारा. त्याने एका खटल्यात विष शोधून काढलं, पण कोर्टात दाखवेपर्यंत नमुना खराब झाला आणि आरोपी सुटला. त्या रागाने त्याने अशी नवी चाचणी बसवली की तिचा डाग काचेवर टिकून राहतो. आणि दोन चौकटी रिकाम्या होत्या, नुसता पांढरा कागद. मी विचारलं तर म्हणाले, "कलकत्त्यात बोटांच्या ठशांची सगळी मांडणी आपल्याच दोन माणसांनी बसवली. नाव गोऱ्या साहेबाचं झालं. त्या दोघांचे फोटो मला मिळाले नाहीत."

"मग रिकामं कशाला टांगलंय?"

"मिळाले नाहीत म्हणजे नव्हते असं होत नाही, बाई."

त्या दोन रिकाम्या काचा मी जास्त घासून पुसायची. का, ते विचारू नका.

खंडेनवमीला सगळ्या ऑफिसात यंत्रांची पूजा व्हायची. मायक्रोस्कोपला झेंडूची माळ, हळद-कुंकू. साहेब आले त्या वर्षी पूजेच्या वेळी दारात आडवे उभे राहिले. "हळद आत नाही येणार." मोठे साहेब चिडले, "अहो, धर्म आहे." साहेब म्हणाले, "धर्म आहे, आणि कणसुद्धा आहेत. महिनाभर प्रत्येक काचेखाली हळद दिसेल. एखाद्या खुन्याच्या शर्टावर हळद सापडली तर वकील त्याला त्या दिवशीचा नवरदेव म्हणेल." शेवटी तोड निघाली. अडगळीतला एक मोडका मायक्रोस्कोप व्हरांड्यात आणून त्याची पूजा करायची. दरवर्षी तोच. आम्ही त्याला ग्रामदैवत म्हणायचो. साहेब त्याला अगदी मनापासून नमस्कार करायचे, चपला काढून.

एक दिवस मी टेबल पुसत होते. साहेब म्हणाले, "बाई, इथे डोळा लावा." मी लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग दिसलं.

"काय आहे?"

"एक पिळलेली पट्टी आहे, नाडीसारखी. दुसऱ्या धाग्यावर खवले आहेत. कौलं चढवतात तसे, एकावर एक."

"पहिला कापूस, दुसरी लोकर," ते म्हणाले, आणि वहीत लिहिलं. काय लिहिलं ते मी वाचलं. 'बाईंना लोकरीवर कौलं दिसली. उपमा योग्य.'

माझं काही कुणी लिहून घ्यावं असं त्याआधी झालं नव्हतं. नंतरही झालं नाही.

मग ते मला थोडं थोडं शिकवायला लागले. रक्ताचे कपडे यायचे ते बरेचदा ओले असायचे. साहेब म्हणाले, "ओलं कोंडायचं नाही, बाई. ओलं रक्त बांधून ठेवलं की सडतं, मग त्यातून काही कळत नाही. खाली खाकी कागद, सावलीत, एकाचा कपडा दुसऱ्याजवळ नाही, आणि किती वाजता ठेवला ते चिठ्ठीवर." मी ते पाठ केलं. कपडे वाळवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते चोख करत होते. हे मी सांगत नाही, साहेबांनी मोठ्या साहेबांना सांगितलं होतं, मी ऐकलं.

आता ती साडी.

घाटकोपरच्या बाजूला एक नवीन लग्न झालेली मुलगी जळून मेली. सासरचे म्हणाले, गॅसवर पदर पेटला. मुलीची आई मानखुर्दची, भाजी विकणारी. तिचं म्हणणं, नवऱ्याने आणि सासूने रॉकेल ओतलं. त्या घरात स्टोव्ह नव्हता, गॅस होता. म्हणजे साडीत रॉकेल सापडलं तर ते कुणीतरी ओतलेलं. नाही सापडलं तर अपघात. सगळं साडीवर होतं.

शेजाऱ्यांनी बादल्या ओतून आग विझवली होती. हवालदाराने गाठोडं आणलं तेव्हाही ते आत ओलं होतं. साहेबांनी सील तपासलं, उघडलं, वहीत लिहिलं, साडी मोठ्या काचेच्या बरणीत घालून झाकण लावलं. तेवढ्यात दुसऱ्या खटल्यात साक्षीला ताबडतोब या म्हणून फोन आला. ते गेले.

दुपारी चारला मी टेबल पुसायला गेले. बरणीत ओली साडी. काचेला आतून पाण्याचे थेंब. मी स्वतःशी म्हटलं, घाईत साहेब विसरले. ओलं कोंडायचं नाही. मी साडी काढली, खाकी कागदावर पसरली, पंखा लावला, चिठ्ठीवर वेळ लिहिली. रॉकेलचा वास नाकात बसत होता. मी खिडकीही उघडली. जाताना मागे वळून बघितलं आणि मला बरं वाटलं, साहेब खूश होतील म्हणून.

सकाळी साहेब दाराबाहेर अंग झटकून आत आले आणि टेबलाजवळ उभे राहिले.

"बाई, हे कुणी केलं?"

"मी. ओलं होतं."

त्यांनी चिठ्ठी वाचली, घड्याळ बघितलं, वहीत लिहिलं. मग खुर्चीत बसले. "रक्त वाळवायचं," ते म्हणाले, "रॉकेल कोंडायचं. उघडं राहिलं की उडून जातं. मी तुम्हाला अर्धंच शिकवलं."

त्यांनी चाचणी तीनदा केली. काही आलं नाही.

मी तेव्हा कायम नव्हते. नवरा गेलेला, दोन मुलं शाळेत. मी दाराबाहेर भांडी घेऊन उभी होते आणि आतलं सगळं ऐकू येत होतं.

मोठे साहेब म्हणाले, "रॉकेल आढळलं नाही, एवढं लिहा आणि सही करा. खरंच आहे ना ते?"

"खरं आहे. पुरेसं नाही."

"अहो, कपडा रात्रभर उघडा होता असं लिहिलंत तर उद्या लॅबचा एकही रिपोर्ट कोर्ट मानणार नाही. आणि लिहायचंच असेल तर त्या बाईचं नाव घाला. टेम्पररी आहे. गेली तर दुसरी येईल."

"दुसरीलाही मीच अर्धं शिकवीन," साहेब म्हणाले. "कपडा माझ्या ताब्यात होता."

त्यांनी लिहिलं. रिपोर्ट तसाच गेला. मोठे साहेब त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलले नाहीत.

सव्वा वर्षाने साक्ष लागली. साडीचा उरलेला तुकडा आमच्याकडे होता, तो कोर्टात न्यायचा होता आणि पेटी धरायला कुणीतरी लागतं, म्हणून मी गेले. मागच्या बाकावर बसले. पुढे मुलीची आई होती. तिची फक्त पाठ दिसत होती. तासभर ती पाठ हलली नाही.

आरोपीचा वकील तरुण होता, आवाज मोठा. "तीन वेळा चाचणी केली. रॉकेल सापडलं? हो की नाही, एवढंच सांगा."

"नाही."

वकील जज्जसाहेबांकडे वळला. साहेब म्हणाले, "माझं उत्तर अर्धं लिहून घेऊ नका. गाठोडं उघडलं तेव्हा मला रॉकेलसारखा वास आला, ही माझी त्या वेळची नोंद आहे. नाकाला मी पुरावा मानत नाही. चाचणीत रॉकेल सापडलं नाही. आणि या दोन्हींच्या मधे कपडा सुमारे सतरा तास पंख्याखाली उघडा होता. माझ्या 'नाही'ला म्हणून काही किंमत नाही. ते कुणाच्याच बाजूने वापरू नये."

"हा निष्काळजीपणा कुणाचा?"

"माझा."

मी पेटीची कडी घट्ट धरून बसले होते. निष्काळजीपणा कुणाचा, हे वकिलाने विचारलं. हात कुणाचा, हे त्याला सुचलं नाही. सुचलं असतं तर साहेबांनी माझं नाव घेतलं असतं. खोटं बोलून त्यांनी मला वाचवलं असतं असं कुणी समजू नये. तसे ते नव्हते. तसे असते तर मला आज त्यांची एवढी आठवण आली नसती.

लॅबचा रिपोर्ट बाजूला पडला. शेजारणीने रॉकेलचा डबा सासरच्यांच्या दारात पाहिला होता, ती पाहिलेलंच बोलली आणि हलली नाही. नवऱ्याला शिक्षा झाली. सासू सुटली. हे सगळं पुढे काही महिन्यांनी. साहेबांची बदली मात्र साक्षीनंतर पंधरा दिवसांत नागपूरला झाली. सिनिऑरिटीच्या यादीत त्यांच्या मागे असलेला माणूस त्यांच्या खुर्चीवर बसला. तो चांगला होता. मला मावशी म्हणायचा, दिवाळीला मिठाई द्यायचा. पण मला कधी काही विचारलं नाही. मी कायम झाले, वीस वर्षं भांडी धुतली, मायक्रोस्कोपला परत डोळा लावला नाही. साहेब नागपूरलाच वारले. मला दोन वर्षांनी कळलं, तेही कुणीतरी चहा पिता पिता बोललं म्हणून. कशाने गेले, शेवटी जवळ कोण होतं, सांगणाऱ्याला काही माहीत नव्हतं.

पण मला सांगायचं आहे ते साक्षीच्या दिवशीचंच. पेटी कोर्टात ठेवून घेतली होती. आम्ही मोकळ्या हातांनी बाहेर आलो. पायऱ्यांवर मुलीची आई उभी होती. बुटकी बाई, पदर कमरेला खोचलेला. आमची वाटच बघत होती.

"तुमीच ना लॅबवाले?"

"हो," साहेब म्हणाले. "चूक माझ्याकडे झाली, बाई. साडी माझ्या टेबलावर होती."

"टेबलावर होती ते ऐकलं मी आत. बाहेर काढली कुणी?"

साहेबांनी तोंड उघडलं. आता विचारलं होतं, आता ते सांगणार होते. मी त्यांच्या आधी बोलले.

"मी काढली. पसरली, पंखा लावला, खिडकीपण उघडली."

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, मारणार. मी तिच्या जागी असते तर मारलं असतं.

"कशापायी?"

"ओली होती."

"लई ओली?"

"काठाला बोट लावलं तर पाणी यायचं."

"काठ उरलावता?"

"हिरवा. हातभर."

"बोळा करून नाय ना टाकलीस?"

"नाही. होती तेवढी सगळी सरळ केली. हाताने."

"मी पन वाळतच घातली असती," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

आम्ही दोघं तिथेच उभे. साहेब म्हणाले, "मी सांगणारच होतो."

"ठाऊक आहे. म्हणून तर आधी बोलले."

"का?"

"तुम्ही सांगितलं असतंत तर मी नुसती सापडले असते."

साहेबांनी त्यावर विचार केला. ते खरोखर विचार करायचे, दुसऱ्यासारखं मान हलवून सोडून द्यायचे नाहीत. मग आम्ही स्टॉपवर गेलो. ऊन कडक होतं. साहेब मुलुंडला जाणार, मी विक्रोळीला, माझी बस वेगळी. ते चष्मा पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "बाई, तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे."

तेवढ्यात माझी बस आली. ते म्हणाले, "जा, जा, उद्या बोलू." मी चढले. दुसऱ्या दिवशी भांडी फार होती. तिसऱ्या दिवशी ते साक्षीला गेले. मग बदलीचा कागद आला आणि त्यांच्या खोलीत सारखी माणसं. मी विचारलं नाही. राहून गेलं म्हणणार नाही, मी विचारलं नाही.

त्या स्टॉपवर विक्रोळीची बस एरवी अर्धा-अर्धा तास येत नाही. त्या दिवशी लगेच आली.